सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर विमान लगेच उडतं, मुंबईत जमिनीवरच रखडतं. हा वेळ आधी सांगता येतो का?

येतो, पण अंदाजानेच. पुशबॅकपासून, म्हणजे विमान उभ्या जागेवरून मागे ढकलतात तिथपासून, चाकं धावपट्टी सोडेपर्यंतचा वेळ म्हणजे टॅक्सी-आउट. आधी रस्ता पूर्ण मोकळा असता तर किती मिनिटं लागली असती ते काढतात: बे (विमान उभं राहायची जागा) कुठला, धावपट्टीचं टोक कुठलं, वळणं किती. चिपीला गणित जवळपास इथेच संपतं, पुढे रांग कसली!

मुंबईत खरा घोळ रांगेचा. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुधा एका वेळी एकच वापरतात, आणि उतरणारी विमानंही तिच्यावरच. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या घाटात अडकतात ना, तसंच. अंतर तेवढंच, पण वेळ ठरतो पुढच्या गाड्यांवर. म्हणून पुशबॅक होऊन अजून न उडालेली विमानं किती, हा आकडा या हिशेबात सगळ्यात जड. वारा फिरला की टोक बदलतं, नि गणित पुन्हा पहिल्यापासून.

हल्ली जुन्या नोंदींवर मशीन लर्निंगची मॉडेलं शिकवतात. नुसत्या सरासरीपेक्षा ती बरी, पण मिरगाच्या पावसात त्यांच्यावर फार विसंबू नये असं माझं मत. अंदाज नीट आला तर विमान बेवरच इंजिनं बंद ठेवून थांबवता येतं, तेवढंच इंधन वाचतं.