हवा किती, हिशेब किती : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रे अमेरिकेच्या अध्यक्षांबद्दल आहेत. नीट वाचली तर त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या फोटोंबद्दल आहेत. त्यातली पाच घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी एक तरी मूल केनेडी आणि निक्सन या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या टीव्हीवरच्या वादाचा किस्सा सांगते. रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला असे वाटले आणि टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी. हे खरे धरायचे का? (शिक्षिका, महाल)

उत्तर : टीव्हीचा भाग बराचसा खरा आहे. २६ सप्टेंबर १९६० ला शिकागोच्या स्टुडिओत निक्सन आले ते आजारातून उठूनच. ऑगस्टमध्ये मोटारीच्या दारावर गुडघा आपटला, त्यात संसर्ग झाला आणि जवळपास दोन आठवडे रुग्णालयात गेले. वजन उतरले होते, कॉलर गळ्याभोवती सैल दिसत होती. कोट फिका राखाडी आणि मागचा पडदाही फिकाच. कृष्णधवल पडद्यावर माणूस भिंतीत मिसळून गेला. नीट मेकअप करून घ्यायला त्यांनी नकार दिला. दाढीची काळसर झाक झाकायला ‘लेझी शेव्ह’ नावाची पावडर तेवढी लावली आणि दिव्यांच्या उष्णतेत त्यावर घाम आला. केनेडींचा सूट गडद होता. शिवाय एक जण बोलत असताना कॅमेरा अधूनमधून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जायचा. निक्सन घाम पुसताना दिसले ते असेच.

रेडिओचा भाग मात्र फार बारीक काठीवर उभा आहे. हा निष्कर्ष मुख्यतः सिंडलिंगर या संस्थेच्या एका पाहणीतून आला. विचारले सुमारे २,१०० जणांना, पण त्यात फक्त रेडिओवर ऐकलेले होते २८२. १९६० मध्ये अमेरिकेत दहातल्या जवळपास नऊ घरांत टीव्ही होता. मग रेडिओपाशी उरले कोण? बरेचसे ग्रामीण, प्रोटेस्टंट घरांतले लोक. कॅथलिक केनेडींकडे त्यांचा कल आधीपासूनच कमी होता. त्यांना निक्सन आवडले ते आवाजामुळे की मुळातच, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ढीग घेणारा वरची चार फळे पाहून भाव करत नाही, खाली हात घालतो. इथे कोणी हात घातला नाही आणि किस्सा साठ वर्षे चालला.

निकालही पाहा. केनेडी जिंकले, पण एकूण पावणेसात कोटींहून जास्त मतांत फरक सव्वा लाखाच्या आत होता, आणि वाद एक नव्हे, चार झाले होते. एका पावडरीवर निवडणूक फिरली म्हणणे सोपे आहे, दाखवणे कठीण.

मुलांसाठी प्रयोग करा. त्या वादात दोघांचे सुरुवातीचे निवेदन प्रत्येकी आठ मिनिटांचे होते, तेवढेच घ्या. वर्गाचे दोन गट करा, पण बाकांप्रमाणे नाही, चिठ्ठ्या टाकून. मैत्रिणी एका बाकावर बसतात आणि मते आधीच जुळलेली असतात. एका गटाला फक्त आवाज, दुसऱ्याला चित्रासह. संपल्यावर ‘कोण जिंकले’ हे लगेच विचारू नका. आधी प्रत्येकीला आठवतील ते मुद्दे लिहू द्या, मग मत घ्या. उलट केले तर मत आधी ठरते आणि मुद्दे त्याला शोधून लावले जातात.

प्रश्न : २००८ मध्ये ओबामांना माध्यमांनीच निवडून आणले ना? नोबेलसुद्धा काम करण्याआधीच मिळाले. (निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ)

उत्तर : उन्माद होता, यात वाद नाही. जुलै २००८ मध्ये प्रतिस्पर्धी उमेदवार मॅकेन यांच्या प्रचारकांनी ब्रिटनी स्पिअर्स आणि पॅरिस हिल्टन यांच्या पंक्तीला ओबामांना बसवणारी जाहिरातच काढली होती. ती बोचली, कारण तीत तथ्य होते. पण ‘माध्यमांनी निवडून आणले’ म्हणण्याआधी तारखा लावून पाहा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काही जनमत चाचण्यांत मॅकेन पुढे होते, म्हणजे तो सगळा झगमगाट होऊनही. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला, बाजार कोसळला आणि सत्तेतल्या पक्षाच्या उमेदवाराखालची, म्हणजे मॅकेन यांच्याखालची, जमीन सरकली. निकाल ओबामांच्या बाजूने, ३६५ विरुद्ध १७३ प्रतिनिधी-मतांचा (इलेक्टोरल). बँकेत नोकरी केलेल्या माणसाला यात चेहऱ्याचा वाटा किती आणि ताळेबंदाचा किती, हे वेगळे सांगायला नको.

नोबेलबद्दल तुमचे म्हणणे रास्त आहे. शपथ २० जानेवारी २००९ ची, नामांकनाची मुदत १ फेब्रुवारीची आणि घोषणा ९ ऑक्टोबरची. समितीने आशेला पारितोषिक दिले.

उन्मादाची खरी किंमत कळते ती ग्वांतानामोच्या, दहशतवादाच्या संशयितांसाठीच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात. २२ जानेवारी २००९ ला, शपथेनंतर दोनच दिवसांनी, तो वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर ओबामांची सही झाली. सहीचा फोटो जगभर छापला गेला. पण आदेशाला पैसा लागतो आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, असते. मे महिन्यात संसदेच्या वरच्या सभागृहाने, सिनेटने, हा पैसा ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारला. नाकारणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे बहुतेक सदस्य होते. आठ वर्षांनी ते पायउतार झाले तेव्हाही तिथे ४१ कैदी होते. भूमिपूजनाचा नारळ फुटला म्हणजे निविदा निघालीच असे नाही, हे नागपूरकरांना पाठ आहे. त्यामुळे अध्यक्षांची बातमी वाचताना क्रियापदाखाली रेघ ओढा. ‘करणार’ म्हणजे भाषण, ‘सही केली’ म्हणजे कागद, ‘निधी मंजूर’ म्हणजे काम सुरू होण्याची शक्यता. पहिल्या पानावर बहुधा पहिली दोनच असतात. ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा प्रतिनिधिगृहात (खालच्या सभागृहात) २१९ विरुद्ध २१२ असा कसाबसा तरला, त्याच्यामागच्या महिनोन्‌महिन्यांच्या समिती बैठकांचा एकही फोटो आपल्याला आठवत नाही. आणि त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१० मध्ये, त्यांच्या पक्षाने त्या सभागृहात ६३ जागा गमावल्या.

प्रश्न : बर्लिनमध्ये ओबामांच्या सभेला दोन लाख लोक होते म्हणतात. असे आकडे काढतात कसे? कस्तुरचंद पार्कच्या सभेचे आकडे तर वर्तमानपत्रागणिक बदलतात. (वाचक, सदर)

उत्तर : पद्धत साधी आहे आणि १९६० च्या दशकात बर्कलीचे पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी रूढ केली. मैदानाचे क्षेत्रफळ घ्या आणि एका माणसाला किती जागा मिळाली त्याने भागा. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि हात वर करायला जागा नसेल तर अडीच.

फोनवरच्या नकाशात अंतर मोजायची सोय असते, तिने लांबी-रुंदी काढा. त्यातून मंच, त्यापुढची मोकळी पट्टी, मधली वास्तू, बॅरिकेडच्या गल्ल्या वजा करा. समजा दोन लाख चौरस फूट उरले. सैल गर्दी असेल तर २० हजार माणसे, दाट असेल तर सुमारे ४४ हजार, अगदी ठेचून भरली तर ८० हजार. त्याच जागेत कोणी ‘दोन लाख’ सांगितले तर माणशी एक चौरस फूट झाला. तेवढ्यात बूट जेमतेम मावतील. खुर्च्या असतील तर सरळ एका रांगेतल्या खुर्च्या गुणिले रांगा. चूक होते ती दोन ठिकाणी. मंचासमोरची दाटी पाहून तोच दर सगळ्या मैदानाला लावला जातो. त्याऐवजी मैदानाचे सात-आठ चौकोन करून प्रत्येकाला वेगळा दर लावा. दुसरी चूक कॅमेऱ्याची : लांबच्या भिंगातून, खालून घेतलेल्या चित्रात दहा फुटांची फट दिसतच नाही. फोटो उंचावरचाच घ्या.

आणि बर्लिनचे दोन लाख खरे धरले, तरी त्यात अमेरिकेचे मतदार किती होते?

प्रश्न : अध्यक्षांची लोकप्रियता ८९ टक्के, अशा बातमीचा अर्थ काय घ्यावा? (विद्यार्थी, नंदनवन)

उत्तर : त्या आठवड्यापुरता. आखाती युद्ध संपल्यावर, १९९१ च्या सुरुवातीला, थोरल्या बुश यांना गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत ८९ टक्के पसंती होती. नोव्हेंबर १९९२ मध्ये त्यांना मते मिळाली ३७.४ टक्के. युद्ध मागे पडले, मंदी-बेरोजगारी घरात बसली.

प्रश्न : आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत अशी हवा का होत नाही? (गृहिणी, मानेवाडा)

उत्तर : हवा कोणासाठी करायची? २०२२ मध्ये मतदार होते ४,८०९. ७७६ खासदार आणि ४,०३३ आमदार. महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मत १७५ मोलाचे : १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या, ५,०४,१२,२३५, भागिले २८८ जागा, भागिले हजार. पूर्ण सभागृहाची मिळून ५०,४०० मते. हा हिशेब कागदावर आधीच मांडलेला असतो, त्यामुळे निकालाच्या दिवशी उमेदवाराच्या सुटापेक्षा कोणत्या पक्षाची किती मते फुटली याचीच चर्चा जास्त होते. पक्षादेश (व्हिप) इथे लागू नाही आणि मतदान गुप्त असते.