रंग बदलायचा तर काच किती चपळ हवी?

प्रश्न : काचेत शिरल्यावर प्रकाशाचा वेग घटतो, तरी लाल लेझर लालच राहतो, असं आम्हाला शिकवलं. पण प्रकाश आत असताना काचच बदलली तर रंगही बदलतो, असं वाचलं. ते कसं? माझ्या आजोबांचा चष्मा उन्हात काळा होतो, तीही बदलणारी काचच ना? आणि यात ऊर्जा कुठून येते? – बारावीची विद्यार्थिनी, सिन्नर

उत्तर : सिन्नरची आहेस, म्हणजे निवृत्तिनाथांची पालखी तू पाहिली असशील. त्र्यंबकेश्वरहून नाशिकमार्गे तुमच्याकडे येणाऱ्या दिंडीच्या रांगा डोळ्यांसमोर आण. दोन रांगांमधलं अंतर ही तरंगलांबी. कडेला उभ्या माणसासमोरून मिनिटाला जितक्या रांगा जातात, ती वारंवारता. वाटेत चिखलाचा पट्टा लागला, तर पुढची रांग मंदावते, मागची अजून झपाझप येत असते आणि रांगा दाटतात. पण मिनिटाला जितक्या रांगा चिखलात शिरतात, तितक्याच बाहेर पडतात. साधी काच म्हणजे हा पट्टा. वारंवारता तीच, म्हणून लाल ते लाल.

आता रस्ता सगळीकडे सारखा आहे आणि अख्ख्या दिंडीवर एकाच क्षणी सर कोसळली, सगळे एकदम मंदावले. रांगांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. कडेच्या माणसाला मात्र मिनिटाला कमी रांगा मोजायला मिळणार. वारंवारता घटली, रंग तांबड्याकडे सरकला. हवेत ५०० नॅनोमीटर तरंगलांबी असलेला हिरवा प्रकाश काचेत असताना तिचा अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) १.५ वरून १.६ झाला, तर बाहेर पडताना तो सुमारे ५३३ नॅनोमीटरचा असेल. साध्या काचेत एवढा बदल घडवता येत नाही, हिशेबापुरता घे.

आजोबांच्या चष्म्याचं उत्तर सोपं आहे. दोन मिलिमीटर काच प्रकाश १० पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) पार करतो. चष्म्याला काळं व्हायला काही सेकंद लागतात. तोवर कितीतरी प्रकाश आला आणि गेला. त्यातल्या प्रत्येकाला काच स्थिरच दिसली.

ऊर्जेचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. ऊर्जा अक्षय्य राहते ती व्यवस्था काळानुसार बदलत नसेल तेव्हा. इथे बाहेरून कुणीतरी काच बदलतोय, त्याला लहरीवर काम करावं लागतं किंवा लहरीकडून ऊर्जा मिळते. लहर आणि बदलणारा, दोघांचा जमाखर्च एकत्र मांडला की ताळा जुळतो.

आणखी एक गंमत तुझ्या वाचनात आली नसावी. बदल लहरीच्या एका आंदोलनाइतका झटपट झाला, तर लहरीचा काही भाग उलटा फिरतो. आमच्या प्रयोगशाळेत को-ॲक्सिअल केबलमध्ये (टीव्हीच्या केबलसारखी तार) पल्स, म्हणजे विजेचा छोटा झटका, सोडून ऑसिलोस्कोपच्या (लहरीचा आलेख दाखवणारं यंत्र) पडद्यावर तिचं परावर्तन दाखवायचो. तिथे पल्सचा पुढचा भाग टोकावर आधी आदळतो आणि आधी परततो. इथे टोक नसतंच. सगळी पल्स जिथल्या तिथे वळते, त्यामुळे शेपूट आधी येते. मॉर्गेनथेलर या संशोधकाने अशा बदलाचं गणित १९५८ मध्ये मांडलं होतं. न्यूयॉर्कमध्ये आंद्रेआ आलू यांच्या गटाने २०२३ मध्ये ते रेडिओलहरींवर करून दाखवलं : धातूच्या लांब पट्टीवर ठिकठिकाणी कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) आणि स्विच बसवले आणि सगळे स्विच एकदम दाबले. ‘काळ उलटा फिरला’ असे मथळे तेव्हा झळकले. मला ते पटत नाहीत. काळ आपल्या गतीने पुढेच जात होता, वळली ती लहर.

दृश्य प्रकाशाचं एक आंदोलन जेमतेम दोन फेम्टोसेकंदांचं (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग), म्हणून तिथे हे फार अवघड. तरी त्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात अवरक्त प्रकाशावर यंगचा दोन फटींचा प्रयोग (दोन फटींतून आलेल्या लहरी मिसळून पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात तो) काळात करून पाहिला गेला. इंडियम टिन ऑक्साइडचा थर घेतला; मोबाइलच्या टचस्क्रीनमध्ये असतो तोच पदार्थ. लेझरच्या दोन झटक्यांनी तो दोनदा क्षणभर चकचकीत आरसा झाला. ह्या ‘फटी’ काळातल्या, म्हणून पट्टे पडद्यावर पडले नाहीत. ते परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटात, वेगवेगळ्या वारंवारतांवर उमटले.