वाचकांचे प्रश्न : आदिस अबाबात गाइडसोबत एक दिवस

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त शिक्षक असून नागपूरला राहतो. आमचा मुलगा नोकरीनिमित्त इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबा येथे असतो आणि जानेवारीत आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. शहर दाखवण्यासाठी त्याने एका दिवसाकरिता गाडी आणि गाइड ठरवला आहे. आमच्या एका परिचितांनी मात्र, ‘त्या शहरात जुने असे काहीच नाही, गाइडवर पैसे कशाला घालवता?’ असे म्हणून आम्हाला संभ्रमात टाकले. गाइड खरोखर लागतो का, आणि एका दिवसात काय पाहावे?

उत्तर : तुमच्या परिचितांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आदिस अबाबा वसले 1886 साली. आपली एम्प्रेस मिल त्याआधी नऊ वर्षे, म्हणजे 1877 मध्ये सुरू झालेली होती आणि 1863 चा आपला अजब बंगला (नागपूरचे संग्रहालय) तर त्या राजधानीपेक्षा तब्बल 23 वर्षांनी थोरला आहे. इथिओपियाचे खरे प्राचीन वैभव, म्हणजे लालिबेलाची खडकात कोरलेली चर्चे आणि अक्सुमचे एकसंध दगडी स्तंभ, राजधानीपासून शेकडो किलोमीटर दूर उत्तरेकडे आहे. परंतु नेमक्या याच कारणासाठी आदिस अबाबात गाइड लागतो, कारण तेथील वास्तू पाहणाऱ्याला आपल्या भव्यतेने थांबवत नाहीत आणि त्यांच्यामागची हकीकत कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही.

एकच उदाहरण देतो. विद्यापीठाच्या आवारात सम्राट हैले सेलासी यांचा जुना राजवाडा असून त्यात आता वंशविज्ञान संग्रहालय आहे. त्याच्यासमोर एक जिना उघड्यावर उभा आहे. तो कोठेही पोहोचत नाही. पायऱ्या वर चढतात आणि हवेतच संपतात. मी प्रथम गेलो तेव्हा एखाद्या पाडलेल्या इमारतीचा हा अवशेष असावा असे समजून पुढे निघालो होतो, तेव्हा सोबतच्या गाइडने मला हाताला धरून मागे आणले. इटलीने 1936 मध्ये शहर ताब्यात घेतल्यावर हा जिना उभारला आणि मुसोलिनीच्या 1922 मधील सत्ताग्रहणापासून प्रत्येक वर्षाला एक पायरी अशी त्याची रचना केली. 1941 मध्ये सम्राट परतल्यानंतर तो पाडता आला असता, पण इथिओपियन लोकांनी तो तसाच ठेवून सर्वांत वरच्या पायरीवर आपल्या राजघराण्याचे चिन्ह असलेला एक छोटासा सिंह बसवला. हा सिंह इतका लहान आहे की मान वर केल्याशिवाय तो दिसतही नाही.

आता क्रमाविषयी. दिवसाची सुरुवात शहराच्या उत्तरेकडील एन्तोतो डोंगरापासून करावी, असा माझा आग्रह राहील. सम्राट मेनेलिक दुसरा यांची राजधानी आधी तेथेच होती. तेथील थंडी आणि सरपणाची टंचाई यांना कंटाळून दरबार खाली उतरला. पायथ्याचे गरम पाण्याचे झरे सम्राज्ञी तैतू यांना आवडले आणि नव्या वस्तीला ‘नवे फूल’ या अर्थाचे आदिस अबाबा हे नावही त्यांनीच दिले. वर उभे राहून खालचे शहर पाहिले की ते कसे वसत गेले हे पुढे दिवसभर वेगळे सांगावे लागत नाही. वाटेत दिसणारी निलगिरीची दाट झाडे मूळची तेथली नाहीत, ती मेनेलिक यांच्या काळात सरपणासाठी बाहेरून आणून लावलेली आहेत.

डोंगरावरून उतरताना राजवाड्याचे संग्रहालय आधी लागते. त्याच्याजवळच्या चौकात 19 फेब्रुवारी 1937 नंतरच्या तीन दिवसांत इटालियन सैन्याने केलेल्या हत्याकांडाचे स्मारक आहे. या चौकाला ‘सिदिस्त किलो’ आणि त्याच्या खालच्या चौकाला ‘आरात किलो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः सहा किलो आणि चार किलो! (हा किलो अंतराचा, वजनाचा नव्हे.) या दोन्ही चौकांच्या दरम्यान राष्ट्रीय संग्रहालय आहे, जेथे 1974 मध्ये अफार प्रदेशातील हदार येथे सापडलेली ‘ल्युसी’ भेटते. 32 लाख वर्षांपूर्वीच्या या मानवसदृश मादीच्या सांगाड्याचा सुमारे 40 टक्के भाग मिळालेला आहे. तेथील लोक तिला ‘दिंकिनेश’, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’, या नावाने ओळखतात. प्रदर्शनात मांडलेली तिची प्रतिकृती असते, मूळ हाडे सुरक्षित कोठडीत आहेत, तेव्हा हिरमोड करून घेऊ नये. ती इतकी ठेंगणी आहे की काचेसमोर उभी राहिलेली शाळकरी मुले तिच्याशी आपली उंची ताडून पाहतात.

आरात किलोजवळच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये हैले सेलासी यांची समाधी आहे. 1975 मध्ये निधन झालेल्या सम्राटांना तेथे विधिपूर्वक विश्रांती मिळाली ती थेट 2000 साली. त्याच आवारात ब्रिटनमधील स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतील सिल्व्हिया पँकहर्स्ट यांचीही कबर आहे, कारण इटलीच्या आक्रमणाविरुद्ध त्यांनी लेखणी चालवली आणि अखेरची वर्षे त्या आदिस अबाबातच राहिल्या. दुरुस्तीमुळे चर्चचा काही भाग बंद असू शकतो, म्हणून गाइडला आदल्या दिवशी चौकशी करायला सांगावे. त्यानंतर अंगात त्राण उरले असेल तर 1 मार्च 1896 रोजी इटलीचा पराभव झाला त्या अडवाच्या लढाईचे नवे स्मारक-संग्रहालय पाहावे. ते 2024 मध्ये खुले झाले आहे. मर्काटो या अवाढव्य बाजारात मात्र या घाईच्या दिवशी जाऊ नये, कारण त्याला स्वतंत्र सकाळ लागते.

वयाचा विचार करून एक सूचना. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, तर आदिस अबाबा सुमारे 2,350 मीटरवर आणि एन्तोतो त्याहूनही वर. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच हा दौरा ठेवला तर चार पायऱ्यांत धाप लागेल, म्हणून मधे दोन दिवस जाऊ द्यावेत. दुसरे असे की गाइडने ‘तीन वाजता येतो’ म्हटले तर ते कोणत्या घड्याळाचे तीन हे विचारून घ्यावे. तेथे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजल्या जातात, तेव्हा तुम्हाला हे अवघड जाऊ नये. तुमच्या मुक्कामात 19 जानेवारी येत असेल तर त्या दिवशी येशूच्या बाप्तिस्म्याच्या स्मरणाचा तिमकत हा उत्सव असतो. आदल्या दिवशी चर्चांमधून पवित्र फलकांच्या मिरवणुका जान मेदा या मैदानावर येतात आणि सकाळी मंत्रवलेले पाणी जमलेल्या लोकांवर शिंपडले जाते. युनेस्कोने 2019 मध्ये या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्या दिवशी गाडीने फिरण्याचा बेत ठेवू नये, पायीच गर्दीत सामील व्हावे.

प्रश्न : अशा दौऱ्यात जेवण समाविष्ट असते. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. आमचे तेथे कसे होईल?

उत्तर : उत्तम होईल, फक्त वार पाहून जेवायला जावे. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन वर्षातील बहुतेक बुधवारी आणि शुक्रवारी उपास पाळतात आणि त्या दिवशी मांस, अंडी, दूध सारेच वर्ज्य असते. ‘त्सोम’ म्हणजे उपास. ‘त्सोम बेयायनेतु’ मागितले की इंजेरावर पाच-सात प्रकारच्या डाळी आणि भाज्या वाढून येतात. इंजेरा म्हणजे टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची, आंबोळीच्या जातीची पण अधिक आंबट अशी मोठी पोळी. ‘शिरो’ हा पदार्थ समोर आला की तुम्हाला घर आठवेल, कारण हरभऱ्याच्या पिठात कांदा, लसूण आणि तिखट मसाला घालून रटरटवलेले ते चक्क पिठलेच असते. ‘बोझेना शिरो’ मात्र मागवू नका, त्यात मांस असते. यजमानांपैकी कोणी आपल्या हाताने तुमच्या तोंडात घास भरवला तर संकोचू नये. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात आणि नाकारणे वाईट दिसते. जेवणानंतर कॉफीचे बी तुमच्यासमोर भाजून, त्याचा धूर तुमच्याकडे वळवून, मातीच्या सुरईत कॉफी उकळतात आणि सोबत मक्याच्या लाह्या देतात. अबोल, तोना आणि बरका अशा तीन फेऱ्या होतात, त्यामुळे पुढच्या ठिकाणी पोहोचायला उशीर होणार हे गृहीत धरावे.

प्रश्न : पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते का?

उत्तर : होय. इथिओपिया पिवळ्या तापाच्या जोखमीच्या देशांच्या यादीत असल्याने तेथून परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि पुढे आयुष्यभर चालते. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि तेथे ठरावीक वारी व नोंदणी करूनच ती दिली जाते, त्यामुळे तिकीट काढल्याबरोबर चौकशी करावी. साठीच्या पुढच्या व्यक्तींनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.