वाचकांचे प्रश्न : टीव्हीच्या पडद्यावर सपाट रूप हवे की उठावाचे?

जुन्या संगणकाचे घरगुती मीडिया सेंटर, म्हणजे टीव्हीवर चित्रपट-गाणी लावणारे यंत्र, कसे करावे, याविषयी गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत यंत्रापेक्षा पडद्याच्या रूपाविषयीच अधिक विचारणा आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : टीव्हीला जोडलेल्या जुन्या संगणकावर मी बरीच वर्षे कोडी हे मीडिया सेंटरचे सॉफ्टवेअर वापरतो. मुलाने अलीकडे त्यात नवी आवृत्ती घातली आणि पडद्याचे रूपच पालटले. पूर्वी आडवी पट्टी होती, तिला काचेसारखी चमक होती, बटण बटणासारखे दिसायचे. आता डावीकडे उभी यादी आहे आणि सगळीकडे सपाट रंग. मुलगा म्हणतो, "बाबा, आता सगळीकडे हेच चालतं." मला मात्र आपण नेमके कोणत्या ओळीवर आहोत, तेच कळत नाही. आमच्यात बरोबर कोण?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण वर्णन केलेली जुनी स्किन (पडद्याचे रूप आणि मांडणी ठरवणारा संच) कॉन्फ्लुअन्स असावी आणि नवी एस्ट्युअरी. डिसेंबर २००९ मध्ये निघालेल्या ९.११ या आवृत्तीपासून कॉन्फ्लुअन्स ही मूळ स्किन होती. त्या वेळी सॉफ्टवेअरचे नाव एक्सबीएमसी होते. कोडी हे नाव २०१४ मध्ये आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये निघालेल्या १७ व्या आवृत्तीत कॉन्फ्लुअन्सची जागा एस्ट्युअरीने घेतली. मधल्या काळात बाहेरचे वारे पार बदलले होते. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये विंडोज फोन ७ आणि २०१२ मध्ये विंडोज ८ आणून सपाट रंगांचे चौकोन रूढ केले, ॲपलने २०१३ च्या आयओएस ७ मध्ये चामड्याच्या शिलाईची आणि चकाकत्या बटणांची नक्कल काढून टाकली, तर २०१४ मध्ये गूगलने मटेरिअल डिझाइन ही पडद्याच्या रूपाची नियमावली मांडली. त्यामुळे "सगळीकडे हेच चालतं" हे चिरंजीवांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. सगळीकडे चालते म्हणून ते बैठकीच्या खोलीतही चालावे, एवढे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. सपाट रूप म्हणजे फोनची फॅशन टीव्हीवर लादली गेली, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. मायक्रोसॉफ्टच्या सपाट शैलीची मुळे बऱ्याच अंशी टीव्हीसमोरच रुजली. २००२ मध्ये आलेले विंडोज मीडिया सेंटर हे टीव्हीसाठीचे सॉफ्टवेअर आणि २००६ चा झून हा गाणी ऐकण्याचा प्लेअर यांत मोठ्या अक्षरांवर भर देणारी जी मांडणी विकसित होत गेली, तीच पुढे फोनवर पोहोचली. लांबून वाचायचे असेल तर सजावट कमी आणि अक्षर मोठे हवे, हा विचार सोफ्यावर बसणाऱ्या माणसासाठीच झाला होता.

आता मूळ मुद्दा. फोनवर किंवा संकेतस्थळावर बोट टेकवण्यापूर्वी काहीच निवडलेले नसते. कुठे दाबता येईल आणि कुठे नाही, हे डोळ्यांनीच ठरवावे लागते, म्हणून तेथे बटणाने बटणासारखे दिसण्याला महत्त्व आहे. नील्सन नॉर्मन ग्रुप या वापरसुलभतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये ७१ जणांच्या नजरेचा माग घेऊन केलेल्या चाचणीत, दाबण्याच्या जागांच्या खुणा पुसट असलेल्या पानांवर लोकांचा वेळ २२ टक्क्यांनी अधिक गेला होता. सपाट रूपाच्या विरोधात ही चाचणी हटकून पुढे केली जाते. पण ती संकेतस्थळांच्या पानांची होती. रिमोटच्या हाती असलेल्या पडद्यावर परिस्थिती वेगळी असते. तेथे बाणाचे बटण दाबले की निवड एका दाबण्याजोग्या जागेवरून दुसऱ्या तशाच जागेवर जाते, मधल्या निर्जीव जागेवर ती थांबतच नाही. म्हणून "येथे दाबता येईल का?" हा प्रश्न टीव्हीवर फारसा उरत नाही. "मी आत्ता कुठे आहे?" हा एकच प्रश्न उरतो आणि तो प्रत्येक दाबाला नव्याने पडतो. आपल्या पत्रातील शेवटची तक्रार नेमकी हीच आहे आणि ती रास्त आहे.

ती किती रास्त आहे, हे हिशेबाने पाहता येते. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते आणि फुल एचडी चित्रात वरपासून खालपर्यंत १०८० ओळी असतात. म्हणजे एक ओळ, अर्थात एका पिक्सेलची (चित्राच्या ठिपक्याची) उंची, साधारण अर्धा मिलिमीटर झाली. समजा, एखाद्या सपाट स्किनने निवडलेल्या पोस्टरभोवती दोन पिक्सेलची बारीक चौकट काढली, तर ती एक मिलिमीटर जाड होते. तीन मीटरवरून पाहताना ही चौकट, ३० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवरील एक दशांश मिलिमीटरच्या रेघेएवढीच दिसते. स्किन बनवणाऱ्याला ती आपल्या टेबलावरच्या मॉनिटरवर स्पष्ट दिसत असते. सोफ्यावरून ती जवळपास नाहीशी होते.

जुन्या स्किनमध्ये हे काम चमक, सावली आणि उठाव आपसूक करत असत, कारण निवडलेली वस्तू उजळून वर आल्यासारखी वाटे. सपाट स्किनने हा आधार काढून घेतला, तर त्याची भरपाई कुठे तरी करायलाच हवी : निवडलेल्या ओळीवर भरगच्च रंगाचा पट्टा, किंवा निवडलेले पोस्टर ठळकपणे मोठे करणे. २०१५ च्या ॲपल टीव्हीने यातून काढलेला मार्ग मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तेथे उरलेला पडदा बव्हंशी सपाटच राहतो. फक्त निवडलेले पोस्टर वर उचलले जाते, त्याखाली सावली पडते आणि रिमोटच्या स्पर्शपट्टीवर अंगठा हलला की ते किंचित कलते. उठाव एकाच जागी राखून ठेवल्यामुळे तो लगेच नजरेत भरतो.

आणखी एक शंका घ्यावीशी वाटते, तीबद्दल राग मानू नये. कॉन्फ्लुअन्समध्ये मुख्य यादी आडवी होती, म्हणजे चित्रपटांकडून संगीताकडे जायला डावा-उजवा बाण लागे. एस्ट्युअरीत वर-खाली जावे लागते. इतक्या वर्षांत आपल्या अंगठ्याला जुना रस्ता न पाहता पाठ झाला असणार. तो मोडला, की माणसाला सगळा पडदाच परका वाटू लागतो आणि दोष रंगांच्या माथी बसतो. बदललेल्या मांडणीचा त्रास आणि सपाट रूपाचा त्रास हे दोन वेगळे त्रास आहेत. पहिला काही आठवड्यांत बहुधा ओसरतो; दुसरा ओसरत नाही, कारण वयाबरोबर डोळे काही सुधारत नाहीत.

भांडण मिटवण्याची सोय कोडीतच आहे. कॉन्फ्लुअन्स मूळ स्किन राहिली नाही, तरी ती कोडीच्या अधिकृत भांडारात पुढेही मिळत राहिली. सेटिंग्जमध्ये इंटरफेस, त्यात स्किन, या क्रमाने गेल्यास आपल्या आवृत्तीला जुळणाऱ्या स्किनची यादी दिसते. निवड केल्यावर "हा बदल ठेवायचा का?" असे विचारणारी चौकट येते. तिला काही सेकंदांत होकार दिला नाही, तर पडदा पूर्वीच्या रूपावर परत जातो. त्यामुळे प्रयोग करायला भिण्याचे कारण नाही. त्याहून चांगला मार्ग म्हणजे प्रोफाइल. आपली आणि मुलाची अशी दोन प्रोफाइल करून सुरुवातीला निवडीचा पडदा दाखवण्याची सोय चालू केली, की प्रत्येकाला आपापली स्किन मिळते.

प्रश्न : सपाट स्किन हलकी असते आणि जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ती झरझर चालते, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : थोडेसेच. बटणाची चमक आणि कडेचा उठाव ही लहान लहान चित्रे असतात. ती एकदा स्मृतीत आली की पुन्हा पुन्हा वापरली जातात. खरा भार असतो पोस्टरांचा आणि पार्श्वभूमीवरील मोठ्या चित्रांचा. १९२० गुणिले १०८० पिक्सेलचे एक चित्र उलगडले, की पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने आठ मेगाबाइटहून अधिक जागा घेते. ५०० गुणिले ७५० चे एक पोस्टर दीड मेगाबाइटचे होते, म्हणजे भिंतीसारखी ३० पोस्टरे मांडणारा पडदा ४५ मेगाबाइट गिळतो. २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पाय मॉडेल बीमध्ये सुरुवातीला एकूण २५६ मेगाबाइट स्मृती होती आणि तीही चित्रांसाठीच्या प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावी लागे. आजच्या सपाट स्किन उठावाच्या जागी चित्रांचीच गर्दी करतात, त्यामुळे त्या जुन्या स्किनपेक्षा जड पडल्या, तरी नवल वाटू नये.

मित्राच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगता येतील. काचेसारखे अर्धपारदर्शक थर एकावर एक चढवले, की तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. शिवाय गडद रंगांच्या हळूहळू उतरत जाणाऱ्या छटा स्वस्त पॅनेलवर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. एकरंगी पार्श्वभूमीला हा दोष नाही. आपण स्किन कोणतीही ठेवा, पार्श्वभूमीची चित्रे बंद करा, होम स्क्रीनवरील अलीकडे जोडलेल्या चित्रपटांच्या रांगा कमी करा आणि पोस्टरांच्या भिंतीऐवजी साधी यादी निवडा. फरक तेथे पडेल.

प्रश्न : आमच्या संग्रहातील मराठी नाटके आणि चित्रपट मी देवनागरी नावांनी नोंदवले आहेत. नव्या सपाट स्किनमध्ये ही नावे बारीक आणि वरून-खालून कापल्यासारखी दिसतात. काही ठिकाणी तर नुसते चौकोन येतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चौकोन दिसतात, ते निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नसल्यामुळे. इंटरफेसच्या सेटिंग्जमध्ये स्किनच्या खालीच फॉन्टचा पर्याय असतो. तेथे एरियलवर आधारलेला संच निवडून पाहावा. रोमनेतर लिप्यांसाठी बहुतेक वेळा पहिला उपाय हाच करतात.

बारीकपणाची तक्रार मात्र थेट आपल्या विषयाची आहे. सपाट शैलीबरोबर हलक्या वजनाच्या, सडपातळ अक्षरांची आवड आली. रोमन लिपीला ती एक वेळ चालून जाते. आपल्याकडे "घ" आणि "ध", "भ" आणि "म" यांच्यातला भेद वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या लहानशा वळणावर किंवा शिरोरेषेतल्या फटीवर असतो. रेघ बारीक झाली आणि अंतर तीन मीटर झाले, की हा भेद सर्वांत आधी जातो. त्यात वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. "मूर्ती" हा शब्द घेतला, तर एकाच शब्दात खाली दीर्घ उकार आणि वर रफारासह वेलांटी येते. रोमन अक्षरांच्या मापाने बांधलेल्या ओळीत त्याची दोन्ही टोके कापली जातात. पूर्वीच्या स्किनमध्ये ओळी कमी आणि ऐसपैस असल्यामुळे हे झाकून जात असे.

स्किनच्या फाइलींमध्ये हात घालण्याची तयारी असेल, तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त वापरासाठी उपलब्ध असलेला मुक्ता हा फॉन्ट बसवून पाहावा. त्यात देवनागरी आणि रोमन एकत्र आहेत आणि जाडीचे बरेच पर्याय आहेत. टीव्हीसाठी मध्यम किंवा त्याहून जाड वजन घ्यावे, आणि ज्या यादीत नावे येतात तिच्या ओळीची उंची वाढवावी. तेवढी तयारी नसेल, तर कमी ओळी आणि मोठी अक्षरे दाखवणारी मांडणी निवडून भागवावे.

प्रश्न : डिझाइनच्या पदवी प्रकल्पासाठी मी मीडिया सेंटरची स्किन करते आहे. सर म्हणतात, पूर्ण सपाटच हवी. मला सावल्या ठेवायच्या आहेत. परीक्षकांपुढे काय मांडू?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : प्रथम सावलीचीच अडचण पाहा. टीव्हीवरचे पडदे बहुतेक गडद असतात, कारण अंधाऱ्या खोलीत पांढरा पडदा डोळ्यांना टोचतो. गडद पृष्ठभागावर काळी सावली दिसतच नाही. म्हणूनच गूगलने गडद रूपासाठी आपले नियम मांडताना, वर असलेला पृष्ठभाग अधिक उजळ करावा असे सांगितले. तेव्हा आपल्याला उठाव हवाच असेल, तर तो उजळपणाने आणि आकाराने दाखवा. गंमत म्हणजे तसे केल्यावर आपली स्किन सरांनाही सपाटच वाटेल.

मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजाचे गुणोत्तर नेहमीच्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असावे, हा वेबसाठीचा सर्वमान्य निकष येथेही घ्यावा. निवडलेली आणि न निवडलेली वस्तू यांच्यातही ३ ला १ एवढा फरक राहील, असे पाहावे. पडद्याच्या चारही कडांना सुमारे पाच टक्के जागा मोकळी सोडावी, कारण काही टीव्ही अजूनही चित्राच्या कडा कापतात. ओएलईडी टीव्हीवर एकाच जागी तासन्‌तास उजळ राहणारे बोधचिन्ह किंवा घड्याळ ठेवू नये.

सर्वांत उपयोगी चाचणीला खर्च काहीच नाही. आपल्या स्किनच्या पाच-सहा पडद्यांची स्थिर चित्रे काढा, त्यांतील रंग काढून ती कृष्णधवल करा, टीव्हीवर लावा आणि ज्यांनी ती पूर्वी पाहिलेली नाहीत अशा लोकांना तीन मीटरवर बसवून "यात निवडलेले काय आहे?" एवढेच विचारा. हालचाल आणि रंग दोन्ही नसताना उत्तर क्षणात मिळाले, तर निवड पुरेशी ठळक आहे. लोक पुढे वाकून पाहू लागले, तर तो पडदा बदलावा लागेल. पडदे, माणसांची उत्तरे आणि लागलेला वेळ यांचा तक्ता अहवालाला जोडा. सावली ठेवावी की काढावी, यावर परीक्षकांशी आणि सरांशी बोलताना हाच तक्ता पुढे करा.