सी शार्पमध्ये साधा टूडी गेम लिहितोय, सेटपिक्सेलने (एका वेळी एकच ठिपका रंगवणारं फंक्शन) चित्र काढतो, पण सेकंदाला तीन-चारच फ्रेम येतात. नवा लॅपटॉप घेऊ की सी++ शिकू?

दोन्हीची गरज नाही. सी++ शिकायचं असेल तर जरूर शिका, पण या कारणासाठी नको. तुम्ही लिहिलंय की विंडोज फॉर्म्सवर (सी शार्पमध्ये खिडक्या बनवायची सोय) ६४० × ४८० चा बिटमॅप, म्हणजे मेमरीतलं चित्र, आहे, एकात एक दोन फॉर लूप आहेत आणि आत सेटपिक्सेल. दुखणं तिथेच आहे.

जरा हिशोब करा. ६४० × ४८० म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात, म्हणजे सेटपिक्सेलला १ कोटी ८४ लाखांवर कॉल. आणि प्रत्येक कॉलमध्ये एक्स-वाय हद्दीत आहेत का ते बघायचं, बिटमॅपचा फॉरमॅट बघून रंग त्यात बसवायचा, सी शार्पमधून जीडीआय प्लसमध्ये (विंडोजची चित्र काढायची लायब्ररी) जाऊन परत यायचं. ट्रकभर विटा उतरवताना दर विटेमागे वेगळा गेट पास फाडावा तसा हा प्रकार. विटा जड नाहीत हो, पावती फाडण्यातच दिवस जातोय. तोच डेटा नुसता बाइटमध्ये मोजला तर पिक्सेलला चार बाइट धरून सेकंदाला साधारण ७४ एमबी होतो. आजचा स्वस्तातला लॅपटॉपही सेकंदाला काही जीबी इकडून तिकडे करतो.

मी हे टर्बो सी वर, म्हणजे डॉसच्या काळातल्या सी कंपायलरवर शिकलो. निळ्या पडद्यावर पुटपिक्सेलने यान काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं, आणि ते असं लुकलुकायचं की डोळे दुखायचे. मग एका सीनियरने मोड १३एच दाखवला. व्हीजीए कार्डाचा (आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ बरोबर आणलेलं) हा मोड: ३२० × २००, २५६ रंग, एका पिक्सेलला एक बाइट. सगळा पडदा म्हणजे ए००० या सेगमेंटपासून सुरू होणारे ६४,००० बाइट. वाय × ३२० + एक्स या जागी आकडा लिहिला की ठिपका उमटला! फंक्शन नाही, ड्रायव्हर नाही. गुणाकारही महाग वाटायचा तेव्हा, म्हणून ३२० चे २५६ आणि ६४ असे तुकडे पाडून शिफ्ट करायचो. आता तसलं काही करू नका, कंपायलर ते आपल्यापेक्षा बरं करतो. पण दुसरी सवय अजून कामाची आहे: चित्र आधी आपल्या मेमरीत पूर्ण रंगवायचं आणि मग एका दमात पडद्यावर ओतायचं. लुकलुकणं त्यानेच थांबलं.

तुमच्याकडेही नेमकं हेच करायचंय. ३,०७,२०० इंटचा एक अ‍ॅरे घ्या आणि जीसीहँडलने तो पिन करा, म्हणजे गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) त्याची जागा हलवणार नाही. बिटमॅपचा एक कन्स्ट्रक्टर रुंदी, उंची, स्ट्राइड (हे काय ते खाली सांगतो), फॉरमॅट आणि मेमरीचा पत्ता घेतो. त्याला या अ‍ॅरेचाच पत्ता द्या. आता अ‍ॅरे आणि बिटमॅप एकच मेमरी वापरतात. अ‍ॅरेत वाय × ६४० + एक्स या जागी रंग लिहा आणि फॉर्मच्या पेंट इव्हेंटमध्ये फ्रेममागे एकदाच ड्रॉइमेज, म्हणजे अख्खं चित्र एकदम पडद्यावर. फॉरमॅट ३२ बीपीपी पीएआरजीबी (पिक्सेलला ३२ बिट, रंग अल्फाने म्हणजे पारदर्शकतेने आधीच गुणलेले) ठेवा, त्यातला तो ‘पी’ गाळू नका. ड्रॉइमेजला तो फॉरमॅट जास्त मानवतो. फॉर्मचं डबलबफर्ड ट्रू करा, म्हणजे लुकलुकणार नाही. बरेच जण लॉकबिट्स (बिटमॅपची मेमरी तात्पुरती हातात देणारं फंक्शन) सुचवतील. तेही चालतं, फक्त दर फ्रेमला लॉक-अनलॉक करत बसावं लागतं.

स्ट्राइडबद्दल मात्र सावध. स्ट्राइड म्हणजे एका ओळीला मेमरीत लागणारे बाइट, आणि जीडीआय प्लसला तो चारच्या पटीत लागतो. २४ बिटचं ५० पिक्सेल रुंद चित्र असेल तर ओळीला १५० बाइट नाही, १५२. हे दोन बाइट विसरलात की चित्र तिरपं होत जातं, जणू पत्त्यांचा कॅट कोणीतरी बाजूने ढकललाय. मी त्यापायी एक अख्खा रविवार घालवलाय. ३२ बिटला हा त्रास नाही, तिथे स्ट्राइड सरळ रुंदी × ४. आणि लाल गाडी निळी दिसायला लागली तर घाबरू नका: मेमरीत बाइटचा क्रम निळा, हिरवा, लाल, अल्फा असा असतो.

लूपमध्ये वाय बाहेर, एक्स आत. उलट लिहिलंत तर दर पावलाला २,५६० बाइटची उडी पडते आणि प्रोसेसरने एका खेपेला आणलेले ६४ बाइट, म्हणजे १६ पिक्सेल, वाया जातात. पार्श्वभूमी पिक्सेल-पिक्सेल काढूच नका. एकदा वेगळ्या अ‍ॅरेत तयार करा आणि दर फ्रेमला अ‍ॅरे.कॉपीने उचला.

स्प्राइट (खेळातलं हलतं छोटं चित्र) कडेला गेला की काय होतं ते बघितलंय का? मोड १३एच मध्ये माझी गोळी उजव्या कडेतून बाहेर पडून डावीकडे, एक ओळ खाली उगवायची. मेमरीला कड कुठली कळायला? ३१९ नंतरचा बाइट म्हणजे पुढच्या ओळीचा पहिला. तुमच्याकडेही उजवीकडे हेच होणार, आणि खालच्या कडेला एक्सेप्शन येणार. त्यासाठी दर पिक्सेलला इफ लावू नका. स्प्राइटचा चौकोन आणि पडद्याचा चौकोन यांचा सामाईक भाग लूपच्या आधी एकदाच काढा आणि तेवढाच रंगवा.

यापुढची युक्ती म्हणजे काढायचंच कमी. गेम प्रोग्रामर जॉन कारमॅकने १९९० च्या ‘कमांडर कीन’ या खेळात पडदा सरकवताना जिथली टाइल (पडद्याचा छोटा चौकोनी तुकडा) बदलते तेवढ्याच टाइल पुन्हा काढल्या, म्हणून त्या काळच्या पीसीवरही तो खेळ सुळसुळीत सरकायचा. तुम्हाला आत्ता याची गरज पडेल असं वाटत नाही.

ग्राफिक्स कार्ड असताना हे कशाला, असं कोणी म्हणेल. नुसते स्प्राइट हलवायचे असतील तर त्यांचं बरोबर आहे, मोनोगेम (ग्राफिक्स कार्ड वापरणारी सी शार्पची गेम लायब्ररी) घ्या आणि मोकळे व्हा. पण तुम्ही लिहिलंय की वाळू कणाकणाने घसरताना दाखवायचीये. अशा खेळात पिक्सेल हातात असणंच सोयीचं.

बदल केलेत की रिलीज बिल्ड (वेगासाठी ऑप्टिमाइझ केलेला) करा, कंट्रोल एफ५ ने, म्हणजे डीबगरशिवाय चालवा, आणि रंगवण्याच्या भागाला स्टॉपवॉच लावा. ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बसूनही खेळ अडखळत असेल तर फॉर्म्सच्या टायमरकडे बघा, तो मुळात इतक्या बारीक वेळेसाठी नाही. बसतच नसेल तर पेंटमधला कोड इथे टाका, बघू.