चीनमध्ये गाड्यांवर मिळणारा दुर्गंधीवाला टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) खरंच सडलेला असतो का?

सडलेला नाही, आंबवलेला. आधी भाज्यांची खारवणी आंबवतात आणि टोफूच्या वड्या तिच्यात बुडवून ठेवतात. पूर्व चीनमधल्या शाओशिंग शहराकडे या खारवणीत माठाचे जून देठ घालतात. घाण वास येतो तो तिचाच. तळल्यावर तो बराच उतरतो.

चांगशा या चिनी शहरातला टोफू काळाकुट्ट. बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत. गाडीवाला वडीला मधोमध भोक पाडून त्यात मिरची-लसणाचं तिखट पाणी ओततो. मला विचाराल तर खरी मजा त्या पाण्यातच. तैवानमध्ये सोबत आंबटगोड कोबी देतात.

बीजिंगचा बरणीतला करडा टोफू मात्र वेगळा. तो न तळता मक्याच्या वाफवलेल्या पावाला फासून खातात, आणि त्याचा वास जराही कमी होत नाही! पहिल्यांदा खाणाऱ्याने तळलेलाच घ्यावा.