वातावरण की हवामान?

पिंपळगाव बसवंतहून भाचीचा प्रश्न आलाय: "मामा, दादा म्हणतात 'वातावरण खराब झालंय, भुरी येणार.' बाई म्हणतात तिथे 'हवामान' पाहिजे. बरोबर कोण?" (भुरी म्हणजे द्राक्षवेलीवरचा बुरशीचा रोग.)

दादांना चूक म्हणायला मी तयार नाही. वात म्हणजे वारा, हवा. आवरण म्हणजे पांघरूण. पृथ्वीभोवतीचं हवेचं पांघरूण हा मूळ अर्थ खराच, पण ढग दाटून दमटपणा वाढला की द्राक्षबागेत सगळेच 'वातावरण' म्हणतात, आणि तो अर्थ मराठीत आता मुरलाय.

'हवामान'मधली हवा अरबी-फारसीतून आलेली, मान संस्कृत. पर्जन्यमान, तापमान यातलंच. हिंदीत मौसम आणि जलवायू वेगळे. आपण मात्र 'उद्याचं हवामान' म्हणतो आणि 'इगतपुरीचं हवामान पावसाळी, येवल्याचं कोरडं' असंही म्हणतो. या दुसऱ्या अर्थाला 'हवापाणी' हा शब्द मला फार आवडतो. फारसी आबोहवाही तसाच, आब म्हणजे पाणी.

त्यातलं पाणी मोलाचं आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन, पण हे दोघे जमिनीची ऊब धरत नाहीत. ती धरतात पाण्याची वाफ आणि जेमतेम ०.०४ टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड. निफाडकडे जानेवारीत आभाळ निरभ्र नि हवा कोरडी असली की रात्री ऊब वर निघून जाते, पारा घसरतो, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. ढग आले की थंडी मोडते. 'आवरण' म्हणजे काय, ते त्या रात्री बांधावर उभं राहिलं की कळतं. हे पांघरूण नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास असतं.

तुझ्या भूगोलातले कटिबंध, म्हणजे पृथ्वीचे कमरपट्टे, मुख्यतः सूर्यकिरणांच्या तिरपेपणावर ठरतात. पण पांघरूण जाड झालं की हवामानाचे पट्टेही ध्रुवांकडे सरकू लागतात. आणि ते जाड होतंय: कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत.

म्हणून रोजच्या बोलण्यात दादांचं 'वातावरण' राहू दे. वहीत मात्र हे वाक्य लिही: 'वातावरणातल्या वायूंचं प्रमाण बदललं, म्हणून हवामान बदलतंय.' यात दोन्ही शब्दांची अदलाबदल करून बघ, वाक्य उभंच राहत नाही.